बीम आत जाण्याचा मुहूर्त

संपादक फोनवर म्हणाले, "सर, हलकंफुलकं लिहा. नोकरीतल्या गमतीजमती. दिवाळीत लोकांना जड वाचवत नाही." संपादक आमच्याच भागातले, शाळेत मास्तर आहेत, आदिलाबादजवळच्या बेल्याच्या बाजारात भाजीच्या पिशवीसकट भेटतात. अशा माणसाला नाही म्हणणं अवघड, म्हणून हो म्हणालो. लिहायला बसल्यावर लक्षात आलं की गमती पुष्कळ आहेत, पण त्या आठवताना हसू येत नाही. तेव्हा जे आहे ते लिहितो. जड वाटलं तर अंक बाजूला ठेवा आणि चकली खा.

निवृत्त होऊन गावी आलो तेव्हापासून लोक मला 'सूर्यवाले साहेब' म्हणतात. हे नाव कोणी काढलं ठाऊक नाही. पहिल्याच महिन्यात शेजारचा दत्ता सकाळी सकाळी दारात उभा.

"साहेब, सोलरचा पंप सुरू नाई होऊन राह्यला. पाहून द्या न जरा."

"अरे दत्ता, माझं काम सोलरचं नव्हतं."

"मंग? तुमी तं सूर्याच्या खात्यात होते म्हणे."

"सूर्य बनवायच्या खात्यात होतो. छोटा सूर्य, इथे जमिनीवर."

"बनला काय मंग?"

"नाही."

दत्ताने पाय खाजवत विचार केला. "मंग इतके वर्षं करून काय राह्यले होते तुमी?"

संसदेच्या समितीनेही इतका नेमका प्रश्न कधी विचारला नाही. त्याचं उत्तर म्हणजे हा लेख आहे, असं समजा. पंप मी शेवटी पाहून दिला. वायर उंदराने खाल्ली होती.

माझे वडील दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचत. आम्ही बौद्ध. मी आदिलाबादला पॉलिटेक्निक केलं. तिथले सर इंग्रजीत शिकवायचे आणि मधूनमधून तेलुगूत "अर्थमयिंदा?" विचारायचे. समजो न समजो, आम्ही मराठी पोरं जोरात मान हलवायचो. पुढे जाहिरात पाहून अर्ज केला आणि दूरच्या एका राज्यात, अणुसंमीलनावर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत तांत्रिक नोकरीला लागलो. संस्थेचं नाव लिहीत नाही. नाव लिहून मला काही मिळणार नाही आणि त्यांचंही काही बिघडणार नाही.

काम काय ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. सूर्यात हायड्रोजनचे कण एकमेकांना चिकटतात आणि त्यातून उष्णता निघते. तेच इथे करायचं तर हायड्रोजन इतका तापवावा लागतो की त्याचा वायूही राहत नाही, त्याच्या कणांवर विजेचा भार येतो. त्याला म्हणतात प्लाझ्मा. तो ठेवायचा कशात? कुठलंही भांडं वितळेल. म्हणून लोखंडी टाकीत चुंबकांचं अदृश्य कुंपण घालून त्यात तो तरंगत ठेवतात. आता त्याला आणखी तापवायचं तर बाहेरून उष्णता आत घालायची कशी? वेगवान कणांचा झोत मारायचा. पण कुंपण भार असलेल्या कणाला आत येऊ देत नाही. राज्याच्या सीमेवर, पैनगंगेच्या पुलाजवळच्या नाक्यावर कापसाने भरलेला ट्रक अडवायचे आणि रिकाम्या हाताने चालत जाणाऱ्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नसे, तसंच हे. म्हणून आम्ही कणांवर आधी भार चढवायचो, हजारो व्होल्ट लावून त्यांना पळवायचो आणि वेग आल्यावर वाटेत थोडा वायू ठेवून त्यांचा भार उतरवून टाकायचो. भार नसलेला वेगवान कण कुंपण ओलांडून आत जातो. आत गेल्यावर प्लाझ्म्याशी टकरा होऊन पुन्हा भार येतो, मग तो तिथेच अडकतो आणि आपली उष्णता सगळ्यांना वाटून टाकतो. या झोताला प्रयोगशाळेत सगळे 'बीम' म्हणतात. मी बीमवाला होतो.

बीम म्हणजे एका खोलीएवढी स्टीलची टाकी, आतली हवा काढून टाकलेली. तिच्या तोंडाशी तांब्याच्या जाळ्या, त्यांच्यावर विजेचा तो प्रचंड दाब. पहिल्याच दिवशी पूर्ण व्होल्टेज लावलं तर जाळ्यांमध्ये ठिणग्या पडतात आणि सगळं बंद पडतं. नव्या गोऱ्ह्याला कोणी थेट भरल्या गाडीला जुंपत नाही. आधी मानेवर नुसतं जू, मग रिकामी गाडी, मग थोडं वजन. जाळ्यांचंही तसंच. थोडं व्होल्टेज लावायचं, ठिणगी पडू द्यायची, तेवढ्या जागी जाळी साफ होते, मग आणखी थोडं चढवायचं. आठवडेच्या आठवडे हेच. आणि टाकी उघडून आत हवा गेली की सगळं शिकवलेलं पाण्यात, पुन्हा जुवापासून सुरुवात. हे काम मला जमायचं. ठिणगीच्या आवाजावरून ती कुठल्या बाजूची हे मी सांगायचो आणि बहुतेक वेळा बरोबर निघायचं. या गोष्टीचा मला अभिमान होता, अजूनही आहे. लपवत नाही.

एवढा तयार केलेला बीम मारायचा कुठे? तर टाकीच्याच शेवटी, पाण्याने थंड केलेल्या तांब्याच्या एका पाटीवर. मोठं यंत्र, ज्यात प्लाझ्मा असतो, ते तयार होत होतं, दुरुस्त होत होतं, पुन्हा तयार होत होतं. बीम आणि यंत्र यांच्यामध्ये एक झडप होती आणि ती बंद होती. मी तांब्याची पाटी तापवत राहिलो. माझ्या मुलीचं लग्न झालं, मी पाटी तापवत होतो. केस पांढरे झाले, पाटी तापवत होतो. मला बढती, पुरस्कार असलं काही नको होतं. नोकरी संपायच्या आत एकदा झडप उघडावी, आमचा बीम प्लाझ्म्यात जावा आणि प्लाझ्मा तापलेला मी पडद्यावर पाहावा, इतकीच इच्छा होती. बायको, सुमन, कधी कधी विचारायची, "झाली काय तुमची झडप?" बाकीच्यांच्या घरात जावयाची चौकशी होते, आमच्याकडे झडपेची व्हायची.

आमचे विभागप्रमुख पुण्याकडचे, मोठे विद्वान. सगळे त्यांना डॉक्टरसाहेब म्हणत. माणूस वाईट होता असं मी म्हणणार नाही, कधी आवाज चढवला नाही. पण त्यांना पाहुण्यांची फार हौस. एकदा श्रावणात दिल्लीहून एक अधिकारी आले, आठवडाभरापूर्वीच जाळ्या पूर्ण दाबाला पोहोचल्या होत्या.

"आत बघायला मिळेल का?" पाहुण्यांनी विचारलं.

"का नाही? उघडा हो," डॉक्टरसाहेब मला म्हणाले.

मी म्हणालो, "सर, महिना जाईल."

"पाहुणे काय रोज येतात?"

उघडली. पाहुण्यांनी आत डोकावून "वा!" म्हटलं, हाताला लावलेल्या सुगंधी तेलासकट जाळीच्या कडेला बोट लावलं आणि विचारलं, "यातून किती गावांना वीज जाते?" डॉक्टरसाहेब हसले. मीही हसलो, कारण रडलो असतो तर बरं दिसलं नसतं. वीज जात नव्हती, आमच्याकडेच येत होती, आणि तीही भरपूर. त्या बोटाचे ठसे जाळून काढायला आम्हाला दसऱ्यापर्यंत वेळ लागला.

दसऱ्यावरून आठवलं. खंडेनवमीला सगळ्या यंत्रांची पूजा व्हायची. मी हात जोडून उभा राहायचो, प्रसाद खायचो, माझं कशाला काही म्हणणं नव्हतं. ज्याच्या त्याच्या घरची रीत. पण एका वर्षी उत्साही मंडळींनी चिनी मातीच्या मोठ्या इन्सुलेटरवर हळदीकुंकवाची बोटं ओढली. इन्सुलेटर म्हणजे ज्याच्यामुळे व्होल्टेज जमिनीत उतरत नाही तो भाग, तो आरशासारखा स्वच्छ लागतो. दसऱ्यानंतर पहिल्याच दिवशी कुंकवाच्या रेघेवरून वीज सरसरत खाली आली आणि इन्सुलेटरला काळा ओरखडा पडला. पुढच्या वर्षी मी आधीच सांगितलं, "पूजा खुशाल करा, टाकीला पाहिजे तेवढं कुंकू लावा, फक्त इन्सुलेटरपासून हात लांब ठेवा."

त्याचा अर्थ लोकांनी काय लावला, ते मला कॅन्टीनमध्ये कळलं. माझ्या मागच्या टेबलावर कोणीतरी म्हणालं, "त्यांना पूजेचं वावडं आहे. असतंच त्यांच्यात." मी उठून त्यांच्याकडे गेलो नाही. इन्सुलेटर समजावून सांगता येतो. हे कसं समजावणार?

शेवटी मोठं यंत्र तयार झालं. माझी निवृत्ती तोंडावर आली होती. झडप उघडायचा दिवस ठरला. दिवस कसा ठरला? डॉक्टरसाहेबांनी पुण्याला फोन करून मुहूर्त काढला. तेलवाले पाहुणे आता मोठ्या पदावर पोहोचले होते, बटण त्यांच्या हस्ते दाबायचं होतं. दारात रांगोळी, टाकीवर स्वस्तिक, नारळ तयार. इन्सुलेटरला मात्र या वेळी कोणी हात लावला नाही, ते मी पाहून घेतलं होतं. सकाळी निघताना सुमनने इस्त्रीचा शर्ट हातात दिला आणि म्हणाली, "आज तं उघडनच न झडप?" मी म्हणालो, "आज उघडन."

आता इथे एक कुलूप समजून घ्या, लोखंडाचं नाही, विजेचं. बीम आत अडकायला आत पुरेसा दाट प्लाझ्मा लागतो. प्लाझ्मा पातळ असेल तर बीम कुठेही न अडकता आरपार जातो आणि समोरच्या भिंतीला जाळतो. म्हणून प्लाझ्म्याची घनता मोजणारं एक उपकरण असतं. घनता पुरेशी असेल तरच ते बीमला परवानगी देतं, नाही तर बटण कितीही दाबा, बीम सुटत नाही. तपासणीच्या वेळी हे कुलूप बाजूला करता यावं म्हणून एक किल्ली होती, ती डॉक्टरसाहेबांकडे असायची.

त्या सकाळी बीमशिवाय नुसत्या प्लाझ्म्याच्या चाचण्या घेतल्या. प्लाझ्मा येत होता, पण पातळ. यंत्र नुकतंच उघडून बंद केलेलं, भिंतींमधली ओल आणि घाण अजून निघत होती. भिंती नीट तापवून साफ केल्याशिवाय तो दाट होणार नव्हता. कुलपाने एकदा अडवलं, दुसऱ्यांदा अडवलं. पाहुणे खुर्चीत सावरून बसले. डॉक्टरसाहेबांनी खिशातून किल्ली काढली.

मी उठलो. "सर, किल्ली लावू नका. आज घनता नाही. बीम सरळ समोरच्या भिंतीवर जाईल."

"किती वेळ लागेल?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"दोन दिवस द्या. भिंती साफ करून देतो."

"परवा अमावस्या आहे."

मी म्हणालो, "सर, प्लाझ्म्याला अमावस्या कळत नाही."

हे वाक्य मी बोललो आणि तिथे सगळं फिरलं. खोलीतल्या दोन-तीन लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. डॉक्टरसाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला कोपऱ्यात नेलं. त्यांचा आवाज अगदी मऊ झाला होता.

"हे बघा, तुमच्या भावना मी समजू शकतो. तुमच्या समाजात हे मानत नाहीत. मला ठाऊक आहे, आणि मी त्याचा आदरच करतो. पण आजचा दिवस सगळ्यांचा आहे हो. तेवढ्यासाठी अडवू नका."

"सर, मी घनतेबद्दल बोलतोय."

"हो, हो."

"सर, पडद्यावर आकडा आहे. तुम्हीच बघा."

"बघतो ना. तुम्ही असं करा, जरा बाहेर जाऊन चहा घ्या. बरं वाटेल. तुमच्या जागी मी कुणाला तरी बसवतो."

मला राग आला असता तर बरं झालं असतं. आला नाही. मी एकदम रिकामा झालो. इतकी वर्षं या माणसाला मी जाळ्या, ठिणग्या, दाब, गळती याशिवाय दुसरं काही बोललो नव्हतो. आणि आज मी आकडा दाखवत होतो आणि तो माझ्यात दुसरंच काहीतरी पाहत होता. कदाचित पहिल्यापासून तेच पाहत असेल. मी इस्त्रीच्या शर्टात बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. चहा घेतला नाही. नारळ फुटल्याचा आवाज आला. मग टाळ्या ऐकू आल्या. मग टाळ्या एकदम थांबल्या.

आमचा बीम त्या दिवशी आत गेला. गेला आणि पलीकडे निघून गेला. समोरच्या भिंतीवरच्या टाइल्स तडकल्या, त्यांच्या मागची पाण्याची नळी फुटली आणि ज्या टाकीत ओलाव्याचा कणही चालत नाही तिच्यात पाणी गेलं. कोणाला इजा झाली नाही. पण यंत्र खोलून, वाळवून, पुन्हा जोडायला किती दिवस लागतील हे मला आत पाऊल टाकताच समजलं. माझ्या निवृत्तीच्या कितीतरी पलीकडे.

चौकशी समिती बसली. मला वाटलं, विचारतील की किल्ली कोणी लावली. त्यांनी मला विचारलं, "बीमचे जबाबदार तंत्रज्ञ तुम्ही. ऐन वेळी कन्सोल सोडून बाहेर का गेलात?"

मी म्हणालो, "मला चहाला पाठवलं होतं."

"लेखी?"

चहाला कोणाला लेखी पाठवतात? डॉक्टरसाहेब समोरच बसले होते. ते म्हणाले, "त्या दिवशी ते जरा अस्वस्थ होते. मी त्यांची काळजी म्हणून म्हटलं." आणि हे ते मनापासून म्हणाले, असं मला आजही वाटतं. खोटं बोलणाऱ्या माणसाशी भांडता येतं. याच्याशी कसं भांडायचं ते मला कळलं नाही. निष्कर्ष निघाला की अनुभवी तंत्रज्ञ जागेवर नसल्याने अनर्थ घडला. शिक्षा काही झाली नाही, निवृत्तीला आलेल्या माणसावर त्यांनी दया केली. निरोप समारंभात शाल आणि नारळ दिला. मी दोन्ही घेतलं. नाही घेतलं असतं तर पुन्हा कोणी माझ्या भावना समजून घेतल्या असत्या.

गावी आलो. सुमनने झडपेचं नाव काढणं बंद केलं. त्याने मला जास्त वाईट वाटायचं.

गेल्या हिवाळ्यात एका दुपारी प्रफुल्लचा फोन आला. प्रफुल्ल माझ्या हाताखाली तयार झालेला इंजिनिअर, आमच्याच पट्ट्यातला, नदीपलीकडे यवतमाळ जिल्ह्यातला. आता माझ्या जागी तो बसतो. मी ओट्यावर तूर पाखडत होतो.

"सर, झालं! काल बीम आत गेला. अडकला बराबर. तापमान चढलं सर, चांगलंच चढलं. तुमी पायजे होते."

माझ्या हातातलं सूप खाली राहिलं. काय वाटलं ते सरळ सांगतो. आनंद झाला, आणि त्याच्या मागोमाग इतकं वाईट वाटलं की आनंद कुठे गेला ते कळलं नाही. माझ्या हातच्या जाळ्या, माझा बीम, आणि मी आठशे-नऊशे किलोमीटरवर तूर पाखडतोय. सुमन दारातून म्हणाली, "काऊन? कोन गेलं?" मी हातानेच सांगितलं, कोणी नाही.

"मुहूर्त होता काय रे?" मी प्रफुल्लला विचारलं.

"होता न सर. तीन दिवसाआधीचा होता. पाहुनेबी आले होते. पन त्या दिवशी घनताच नोती. त्या भानगडीनंतर कुलपाची किल्लीच काढून टाकली आपल्याकडं, आता ते कोनाच्या बापालेबी ऐकत नाई. तीनदा अडलं. पाहुने म्हनले, काही करा. तं डॉक्टरसाहेब काय म्हनले सांगू सर?"

"काय म्हनले?"

"म्हनले, यंत्र नाही म्हणतंय तर थांबायचं. विज्ञानात भावनेला जागा नाही. पाहुन्याले गेस्टहाऊसले पाठवलं, भिंती साफ करू देल्या, अन् काल मारला बीम. सारे टाळ्या वाजवत होते सर. डॉक्टरसाहेबाचं भाषनबी झालं, का ह्या कुलपाचा नियम आमी कसा शिकलो."

मी सूप उचलून भिंतीला टेकवलं. प्रफुल्लला वाटलं लाइन कट झाली. तो "हॅलो, सर, हॅलो" करत राहिला.

"प्रफुल्ल," मी म्हणालो, "कुलपानं तीनदा नाई म्हटलं, तवा सायबानं त्याले इचारलं काय, का बा तुहं आडनाव काय?"

मग तो म्हणाला, "सर, थंडी लय हाय, तब्येत सांभाळा," आणि फोन ठेवला.